नळीतलं पाणी

१

खोऱ्यातल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या आणि एका नळीत तेवढं पाणी सापडलं. गुन्हा म्हणाल तर हाच.

आता पाणी सापडणं हा कसला आलाय गुन्हा, असं कुणीही विचारेल. पण पाण्याच्या बाईंना विचारा. त्यांनी कमरेएवढ्या उंचीच्या त्या लोखंडी नळीचं कुलूप काढलं, झाकण बाजूला केलं, पोलादी टेपच्या टोकाला नेहमीसारखा खडू फासला आणि टेप आत सोडली. वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते पाहिलं आणि शेजारच्या दगडावर मटकन बसल्या. ओली खूण मागच्या खेपेला होती तिथंच होती. त्याच्या मागच्या खेपेलाही तिथंच होती. केसभर इकडेतिकडे नाही.

जमिनीखालचं पाणी असं वागत नाही हो! ते पावसात चढतं, थंडीत उतरायला लागतं, नदी फुगली की तेही थोडं फुगतं. एकाच खुणेवर शहाण्यासारखं उभं राहणारं पाणी टाकीत असतं, जमिनीत नसतं.

बाई भूजल खात्यातल्या. गावोगाव विहिरी मोजायच्या, हेच त्यांचं काम. या खोऱ्याच्या खाली कोळशाची खाण होती. खाणीत झिरपणारं पाणी पंपांनी उपसून एका जाड पाइपातून नदीत खालच्या अंगाला सोडत. उपसा वाढला तसं खोऱ्यातलं पाणी खाली गेलं का, हे कळावं म्हणून ही खोल नळी खोऱ्याच्या मधोमध ठोकलेली. विहिरी आटल्या तेव्हा खाणवाले म्हणाले, पाऊस कमी झालाय, आमचा काय संबंध? बघा की, नळीत पाणी आहे. आणि ते खरंच होतं.

आता खाणीत उरलेला कोळसा होता तो थेट नदीच्या पात्राखाली. तो काढू द्यायचा की नाही, हे सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं, आणि ठरणार होतं बाईंच्या एका आकड्यावर. पाणी जागेवर असलं तर परवानगी. मग नदीसुद्धा खाली गेली तर खोऱ्यातल्या माणसांनी घरदार उचलून जायचं कुठं, हे कुणी सांगत नव्हतं. पाणी उतरलेलं असलं तर परवानगी नाही, आणि मग खाण बंद.

बाई विश्रामगृहातल्या एका खोलीत उतरल्या होत्या. एक खाट, एक किटली, खिडकीला न बसणारी कडी. अशा खोल्यांत त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. लग्न झालं होतं, टिकलं नाही. नवरा म्हणायचा, तू माझ्यापेक्षा विहिरींची जास्त विचारपूस करतेस. खोटं नव्हतं ते. आता फोन वाजला तर तो कचेरीचाच असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तोही वाजायचा नाही.

दगडावर बसल्या बसल्या त्यांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. फोडलेलं नव्हतं, साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे जो कोणी यात पाणी ओतत होता, तो किल्लीनं उघडून ओतत होता.

२

किल्ल्या दोनच. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी खाणीच्या कचेरीत दाराशेजारच्या खिळ्याला. म्हणून बाई आधी तिथं गेल्या.

मॅनेजर तरुण, गोरागोमटा, बोलायला गोड. "या या, बाई! आलात ते बरं झालं. सोमवारचं काय मग? पाणी जागेवर आहे ना?"

"आहे. जरा जास्तच जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "ही किल्ली कोण कोण घेतं हो?"

"कोण घेणार? नळीजवळ राहतात ते बत्तीमामा घेतात, कुलपाला तेल घालायला. तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना? बाकी इथं दिवसभर माणसं येतात-जातात. दूधवाल्या वहिनी रोज सकाळी येतात. मी काय खिळ्यावर पहारा बसवू?"

भिंतीवर खाणीचा मोठा नकाशा होता. खाणीतले रस्ते, फाटे, सगळं रेघारेघांचं. एका कोपऱ्यात एक तुकडा काळ्या रेघांनी भरून टाकलेला.

"हे काय?"

"जुना भाग. भिंत घालून कायमचा बंद केलाय. माझ्या आधीची गोष्ट." मॅनेजरनं खांदे उडवले. "बाई, स्पष्टच बोलतो. परवानगी नाही मिळाली तर उद्या खाणीला टाळं. पंप बंद, पाइप बंद, आणि वर्षाभरात आतला सगळा पसारा पाण्याखाली. एवढ्या माणसांची चूल विझेल. तेवढं लक्षात ठेवा."

दूधवाल्या वहिनी नदीवर भेटल्या, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून कॅन घासत. नवरा खाणीत यंत्र चालवणारा, दोन म्हशी, आणि जिभेला हाड नाही.

"माझी विहीर? तिच्यात आता बेडूकसुद्धा राहत नाही," त्या म्हणाल्या. "पण खाण बंद झाली तर नवरा घरी बसणार. आणि तो घरी बसला की माझं डोकं फिरणार. मग मी कुणाच्या बाजूनं बोलू, तुम्हीच सांगा बाई!"

"म्हणजे खाण चालू राहावी असं तुम्हालाही वाटतं?"

"वाटतं. आणि विहिरीला पाणी यावं असंही वाटतं. दोन्ही वाटतं, काय करू?" त्यांनी कॅन उपडा केला. "तशी विहीर होती तेव्हाही मी कॅन धुवायला इथंच यायचे. विहिरीच्या पाण्याला फेसच येत नाही मेला. साबण घासून घासून हात झिजतो. डोंगरावरून आलेलं हे नदीचं पाणी बघा कसं, हात लावला की फेस."

काठावरच्या चिखलात डब्यांच्या बुडांचे गोल गोल ठसे उमटले होते, एकात एक गुंतलेले. बाईंची नजर तिथं गेलेली वहिनींनी पाहिली. "माझेच आहेत," त्या म्हणाल्या. "आणि मामांचे. आणि सगळ्यांचेच. विहिरी गेल्यापासून अख्खं खोरं इथंच पाणी भरतं. बिचारे मामा या वयात किती खेपा घालतात! एकट्या जिवाला एवढं पाणी लागतं कशाला, देव जाणे."

"मामांचं कोणी नाही का?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते एकटेच. जरा विक्षिप्तच आहेत हो. मागं पंप दुरुस्तीला काढले होते, पाइप गप्प झाला. तर हे अनवाणी धावत खाणीच्या फाटकावर! शिपायाची गचांडी धरली म्हणे, पंप चालू कर म्हणून. आम्ही हसून हसून बेजार."

बाई हसल्या नाहीत. कारण त्यांना तिथून मामांकडेच चहाला जायचं होतं, आणि या खोऱ्यात त्यांना चहाला बोलावणारं दुसरं कोणी नव्हतं.

३

बत्तीमामांचं घर खोऱ्यातलं शेवटचं. पुढं नळी, मग नदी, आणि नदीच्या काठानं गेलेला तो खाणीचा पाइप, दिवसरात्र धो-धो ओतणारा. मामांनी बसायची खुर्ची बरोब्बर पाइपाकडं तोंड करून मांडलेली.

"कानाला त्रास नाही होत, मामा?" बाईंनी जोरात विचारलं. तिथं सगळं जोरातच बोलावं लागायचं.

"त्रास कसला? सोबत असते," मामा म्हणाले. "चहात साखर जास्त घातलीय हं. तुमच्या तोंडावरूनच कळलं, आज गरज आहे."

बाईंना एकदम भरून आलं. आपल्या तोंडाकडं बघून कोणी साखर घातल्याला किती काळ लोटला होता! त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि उगाच भिंतीकडं पाहत राहिल्या. खुंट्यांवर खाणीतल्या दोन टोप्या टांगलेल्या होत्या, एक मोठी, एक जराशी लहान. दोन्ही पुसून लख्ख.

"मामा, नळीजवळ कोणाला पाहिलंत का हो?"

"म्हशी येतात अंग घासायला," मामा म्हणाले. आणि मग, कप खाली न ठेवता, "सोमवारी खाण बंद होईल का, बाई?"

"खरं पाणी कुठं आहे त्यावर आहे."

"खरं म्हणजे? नळीत आहे ते खोटं आहे होय?" मामा हसले. पण त्यांची नजर पाइपाकडं गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नळीचा तळ गाठायचं ठरवलं. टेपला वजन बांधून सोडलं, आणि वजन जिथं टेकलं ते पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. नळी जेवढी खोल ठोकली होती, त्याच्या पुष्कळ वरच तळ लागत होता. मग त्यांनी नमुना काढायचं जाड नळकांडं दोरीला लावून खाली आपटलं, पुन्हा आपटलं, आणि वर ओढलं. वर पाणी, खाली चिकणमाती. नळीचं बूच मारलं होतं कोणीतरी! जमिनीतलं पाणी आत येऊ नये आणि वरून ओतलेलं बाहेर जाऊ नये म्हणून. त्यातूनही जे थोडं झिरपेल, ते डब्यानं भरून काढायचं.

मातीत हात बरबटले. बाईंच्या पिशवीत साबणाची वडी असायचीच. त्यांनी नळकांड्यातलं पाणी हातावर ओतलं, साबण घासला, आणि बघता बघता हात कोपरापर्यंत पांढऱ्याशुभ्र फेसानं भरले.

बाई त्या फेसाकडं बघतच राहिल्या. विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही. हे नदीचं पाणी होतं.

नळकांड्याच्या तोंडात अजून काहीतरी अडकलं होतं. त्यांनी बोटानं हळूच काढलं. मातीचीच वळी होती ती, हातानं वळलेली, वीतभर लांब, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबून चपटी केलेली. उगाच टाकलेला गोळा नव्हता. जन्मभर हेच वळत आलेल्या हाताचं काम होतं.

४

"हे कुठं मिळालं तुम्हाला?" मॅनेजरनं वळी उलटसुलट करून पाहिली.

बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. "काय आहे ते सांगा आधी."

"पूर्वी सुरुंग लावून कोळसा फोडत. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची आणि वरून अशा वळ्या ठासून तोंड बंद करायचं, म्हणजे स्फोट बाहेर येत नाही. आता कोण करतं हे? सगळं यंत्रानं कापतो आम्ही. माझ्या एकाही माणसाला अशी वळी वळता यायची नाही. मलासुद्धा नाही." तो थांबला. मुलगा हुशार होता. "नळीत होतं का हे?"

बाईंनी वळी त्याच्या हातून काढून पिशवीत टाकली. त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती आणि त्यांना ती तशी बसायला नको होती. मॅनेजरला नळी भरलेली हवी होती, पण त्याला वळी वळता येत नव्हती. वहिनींकडं डबे होते, पण त्यांचा नवरा यंत्रावरचा, सुरुंग त्यानं पाहिलेलासुद्धा नाही. आणि खोऱ्यात एक म्हातारा होता, ज्याला सगळे बत्तीमामा म्हणत. कशाची बत्ती, हे बाईंनी कधी विचारलंच नव्हतं. सुरुंगाची! एकट्या जिवाला लागतं त्याहून जास्त पाणी वाहणारा, कुलपाला तेल घालायला किल्ली नेणारा.

आणि किल्ली त्याच्या हातात कुणी दिली? आपणच की.

"बाई," मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाला, "मी यातलं काही केलेलं नाही, तुम्हाला कळलंच आहे. पण तुमचं काम नळीतलं पाणी मोजायचं. नळीत पाणी होतं, तुम्ही मोजलंत. यात खोटं काय आहे?"

खरं सांगायचं तर क्षणभर बाईंना ते पटलं. गप्प बसायचं, सोमवारी आकडा सांगायचा, परत येऊन मामांकडे जास्त साखरेचा चहा प्यायचा. कोणाला काय कळणार होतं? मग त्यांना वहिनींची कोरडी विहीर आठवली, आणि काठावरच्या चिखलातले ते एकात एक गुंतलेले ठसे.

"त्या काळ्या रेघांच्या भागात काय झालं होतं?" त्यांनी एकदम विचारलं.

"आग लागली होती म्हणतात. वायू होता, आत शिरता येईना. भिंत घालून बंद केला."

"आणि आत कोणी होतं?"

मॅनेजरनं नकाशाकडं पाहिलं, मग बाईंकडं. "एक जण राहिला म्हणतात आत. नाव मला ठाऊक नाही."

बाईंच्या डोळ्यांपुढं खुंटीवरची ती दुसरी टोपी आली. जराशी लहान.

५

मामा खुर्चीतच होते. बाईंनी वळी त्यांच्या मांडीवर ठेवली. मामांनी ती उचलली, आणि सवयीनं तिचं दबलेलं टोक अंगठ्यानं नीट केलं.

"मीच," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, तुम्ही तळ बघणार."

"का, मामा? तुमची स्वतःची विहीर आटलीय. या वयात नदीवरून डबे वाहताय. कोणासाठी?"

मामांनी पाइपाकडं बोट केलं. "हा आवाज ऐकलात? हा वाजतोय तोवर खाली कोरडं आहे." त्यांनी वळी मुठीत मिटून घेतली. "माझा पोरगा आहे त्या भिंतीपलीकडं. माझ्या हाताखालीच कामाला लागला होता. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून माझ्या पाळीला तो गेला. आग लागली, साहेबांनी भिंत घातली. मी म्हटलं, थांबा, मी जातो आत. चौघांनी धरून ठेवलं मला. बाहेर नाही काढला त्याला. पण तो कोरडा आहे, बाई. जिथं बसला असेल तिथं बसलेला आहे. खाण बंद झाली की पंप बंद. मग तो बुडणार. एकदा जळाला, आता बुडू देऊ त्याला?"

बाई खाली, पायरीवर बसल्या.

"लहानपणी पाण्याला फार भ्यायचा हो," मामा म्हणाले. "नदीत पाय घालायचा नाही."

पाइप धो-धो ओतत राहिला. बाईंनी मामांचा हात हातात घेतला. हाताला डब्याच्या कडीचे घट्टे पडले होते.

"मामा, मला खरं सांगावं लागणार. खोऱ्यातली सगळी घरं आहेत. नदी गेली तर कोणीच राहणार नाही इथं. तुम्हीसुद्धा नाही. मग त्याच्या जवळ कोण बसणार?"

मामांनी हात सोडवून घेतला. "जा तुम्ही," ते म्हणाले. "आणि परत येऊ नका."

६

सोमवारी बाईंनी खरं ते सांगितलं. नळीचं बूच फोडून काढलं तेव्हा आतलं सगळं पाणी बघता बघता खाली गेलं. जमिनीतलं खरं पाणी कुठल्या कुठं उतरलेलं होतं. बूच कोणी मारलं, असं बैठकीत विचारलं गेलं. बाई म्हणाल्या, माझं काम पाण्याचं आहे, माणसांचं नाही. मॅनेजर समोर बसला होता. तोही गप्प बसला, आणि ते बाईंनी त्याच्या खाती चांगलं म्हणून जमा केलं.

परवानगी मिळाली नाही. खाणीला टाळं लागलं, पंप थांबले. वहिनींचा नवरा घरी बसला आणि वहिनींनी त्याला म्हशींच्या मागं लावला. पाइप गप्प झाला त्या दिवशी मामांनी दार लावून घेतलं, ते बाईंसाठी पुन्हा उघडलंच नाही. त्या नळी मोजायला येत, दाराकडं बघत आणि परत विश्रामगृहावर जात. एवढी शांतता त्यांना आधी कधी बोचली नव्हती. खोलीत किटली उकळल्याचा आवाज झाला तरी त्या दचकायच्या.

पाणी मात्र चढू लागलं. खाणीतले रस्ते भरले, मग वरचा खडक भरू लागला. दर खेपेला टेपवरची ओली खूण वर सरकलेली असायची. दोन पावसाळे गेले आणि वहिनींच्या विहिरीत बेडूक ओरडला. बाईंनी घरोघरी बजावून सांगितलं, पाणी खाणीतून आलंय, तपासल्याशिवाय कोणी तोंडाला लावायचं नाही.

मामांच्या घराशी आल्या तेव्हा मामा विहिरीवर होते. हडकले होते. पुढ्यात भरलेली बादली, हातात साबणाची वडी. ते हातावर साबण घासत होते, पाणी घेत होते, परत घासत होते. बाईंची चाहूल लागली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"फेस येत नाही," ते म्हणाले.

"नाही येणार, मामा. हे खालचं आहे."

"नदीचं नाही?"

"नाही."

मामांनी हात थांबवले. "मग त्या भिंतीपलीकडून आलेलं असेल का हे?"

कोणता थेंब कुठून आला हे कोणी सांगू शकत नाही. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. न मोजलेलं काही त्यांनी उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "तिथूनच आलंय."

मामांनी ओंजळ भरून घेतली आणि तोंडाजवळ धरली. ती बोटांमधून गळून गेली, तशी पुन्हा भरली. "माणसांनी नाही फोडली ती भिंत," ते म्हणाले. "किती पाया पडलो मी! शेवटी पाण्यानं फोडली. आणलं त्याला घरी." ते रडत होते, आणि डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते, म्हणून बाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

थोड्या वेळानं मामांनी बादली उचलली. "चहा टाकतो," ते म्हणाले. "ह्याच पाण्याचा. बसतेस ना, पोरी?"

तपासल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, असं सगळ्या खोऱ्याला बजावून आलेल्या बाई पायरीवर बसल्या. "बसते," त्या म्हणाल्या. "साखर जास्त घाला."